भेंडवळची घटमांडणी, शिवेवरची मातामाय आणि माणसाचं डोकं

दरवर्षी अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातल्या चहाटपऱ्यांवर एकच चौकशी असते. "काय मंग, भेंडवळात काय सांगतलं यंदा?"

भेंडवळ हे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी तिथे गावाबाहेर शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, सोबत पुरी, पापड, कुरडई, पानविडा आणि भोवती गोलाकार अठरा तऱ्हेची धान्यं. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा जागचा हलला, पान-सुपारीचं काय झालं, यावरून वर्षाचा पाऊस, पिकं, रोगराई, राजगादी असं सगळं भाकीत जाहीर होतं. थोड्याच वेळात ते मोबाइलवर गावोगाव पोचलेलं असतं. हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाजही साधारण याच दिवसांत येतो, पण "सरासरीच्या अमुक टक्के" ऐकायला टपरीवर गर्दी होत नाही.

मग ठरलेला वाद. एक जण म्हणतो, सगळं थोतांड आहे. दुसरा म्हणतो, आमच्या आज्यापासून पाहत आलो, खरं निघतं. दोघेही आपापल्या जागी पक्के आणि चहा संपेपर्यंत कुणीही तसूभर हलत नाही.

या वादात एक तिसरा प्रश्न राहून जातो. पापड-कुरडईवरून पाऊस कळतो की नाही ते घटकाभर बाजूला ठेवू. माणूस हा प्राणी असं करतो तरी का? देव, पितर, भूत, नवस यांतलं काहीच नाही, असा समाज शोधायला गेलं तर सापडत का नाही? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाभोवती रीतसर अभ्यासशाखा उभी राहिली आहे. तिचं म्हणणं आपल्या शेताबांधावरून कसं दिसतं, ते पाहू.

हा अभ्यास करतात तरी कोण?

धर्माचा अभ्यास म्हटला की आपल्यापुढे दोनच माणसं उभी राहतात: एक बुवा, दुसरा बुवाचं भांडं फोडणारा. इथे या दोघांचंही काम नाही. मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ, काही अर्थशास्त्रज्ञ अशी ही मंडळी आहेत. भाषा कशी आली, लग्नाच्या रीती गावागणिक वेगळ्या का, असं जसं विचारतात, तसंच ते धर्माबद्दल विचारतात.

त्यांचे दोन शब्द तेवढे समजून घ्या, बाकी जड शब्द मी आणणार नाही. उत्क्रांती म्हणजे जे गुण जगायला आणि पोरंबाळं वाढवायला उपयोगी पडले, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकत गेले आणि आपलं शरीर आणि मेंदू घडला. सांस्कृतिक उत्क्रांती म्हणजे तशीच निवड रीतिरिवाजांची. काही रीती माणसं एकमेकांच्या पाहून उचलतात, काही बदलतात, काही कुणी उचलत नाही म्हणून मरतात. मारबत बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा पुतळा गावाबाहेर नेतानाची "रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी तीच आहे, पण नागपुरात सोबत निघणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे दुसऱ्या पुतळ्यांवर, विषय दरवर्षी नवा असतो: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी पाकिस्तान. साचा टिकला, आतला माल बदलत गेला.

आता हे किती जुनं आहे? नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी इथे दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत, लोहयुगातली, दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी. उत्खननात मेलेल्यांसोबत मडकी, लोखंडी हत्यारं, मणी सापडले. माहुरझरीला घोडेसुद्धा पुरलेले निघाले, तांब्याच्या साजासकट. लोखंड तेव्हा काही स्वस्त नव्हतं. मेलेल्या माणसाला कुऱ्हाड कशाला लागते?

या प्रश्नावर २००४ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. लहान मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला: उंदराला मगरीनं खाल्लं. मग विचारलं, उंदराला आता भूक लागेल का? बरीच मुलं नाही म्हणाली. त्याला आईची आठवण येते का? त्यावर मात्र खूप मुलांनी हो म्हटलं. शरीर संपलं हे मुलाला समजतं, पण समोरच्याचं मन संपलं ही कल्पना त्याच्या डोक्यात बसत नाही. आपल्याकडे दहाव्याला पिंडाशेजारी म्हाताऱ्याची विडी ठेवतात, कावळा शिवला नाही तर "कशात जीव अडकला असंल?" म्हणून शोध सुरू होतो. माहुरझरीची कुऱ्हाड आणि ही विडी यांच्यामध्ये हजारो वर्षं गेली, डोकं तेच राहिलं.

तुरीत काहीतरी खसफसलं

रात्री जागलीला गेलेल्या माणसाला हा भाग लगेच कळेल. माळ्यावर घोंगडी, हाताशी बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा डबा. दोनच्या सुमारास तुरीत खसफस होते. वारा असेल, रानडुक्कर असेल, रोही असेल, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे असाल तर वाघही असेल.

वारा असताना डुक्कर समजलात, तर डबा बडवून घसा फाडून झोप मोडली, एवढंच नुकसान. डुक्कर असताना वारा समजलात, तर सकाळी अर्ध्या एकराचा चुराडा. आणि वाघ असताना वारा समजलात, तर सकाळ बघायला तुम्ही नाही. लाखो वर्षं हाच हिशेब चालला असेल तर कुणाचे वंशज उरतील? संशयी कानाच्या माणसाचे. डार्विननं १८७१ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली आहे. अंगणातली उघडी छत्री वाऱ्यानं हलली की कुत्रा भुंकायचा, जणू तिथे कुणी अनोळखी आहे. डार्विनला त्यात भुताखेतांच्या कल्पनेचं मूळ दिसलं. पुढे जस्टिन बॅरेट या मानसशास्त्रज्ञानं २००० च्या सुमारास ही कल्पना नीट मांडली: जिथे कुणी नाही तिथेही "कुणीतरी आहे" असं समजण्याकडे मेंदूचा कल असतो.

"कुणीतरी आहे" नंतरचा प्रश्न आपोआप येतो: त्याला काय पाहिजे? पोरं या बाबतीत फारच पुढे असतात. डेबोरा केलेमन यांनी अमेरिकेतल्या मुलांना विचारलं, दगड टोकदार का असतात? मुलांना पटलेलं उत्तर होतं, जनावरांना अंग खाजवता यावं म्हणून. आपल्या पोराला विचारून बघा, पाऊस कशासाठी पडतो?

पण इथे सावध राहायला हवं. संशयी कानामुळे खसफस ऐकू येते, मुंजा दिसत नाही. मुंजाची गोष्ट आधी आजीकडून ऐकलेली असावी लागते. कान असा होता म्हणूनच देव आला, एवढी थेट साखळी प्रयोगांनी सिद्ध झालेली नाही आणि या शाखेतले लोकच ते बोलून दाखवतात.

मुंजाच का लक्षात राहतो?

पिंपळावरचा मुंजा घ्या. तो रागावतो, त्याला भूक लागते, त्याला लग्न करायचं राहून गेलेलं असतं. शंभरातली नव्व्याण्णव लक्षणं आपल्या शेजारच्या पोराची. फक्त एक गोष्ट वेगळी, त्याला देह नाही. पास्कल बॉयर या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की अशाच कल्पना सर्वांत जास्त टिकतात: बऱ्याचशा ओळखीच्या, एखाद्या बाबतीत धक्का देणाऱ्या. अगदी साधी गोष्ट विसरली जाते, फारच चमत्कारिक असली तर सांगतासांगता गळून जाते. त्यांनी आणि चार्ल्स रँबल यांनी फ्रान्स, गॅबन आणि नेपाळ या तीन अगदी वेगळ्या देशांत माणसांना अशा कल्पना ऐकवून नंतर काय आठवतं ते तपासलं आणि निकाल बराचसा जुळला.

याचा अर्थ, कुणा एका लबाड माणसानं बसून धर्म "काढला", हे स्पष्टीकरण तोकडं पडतं. लबाड लोक धर्मावर पोट भरतात, त्यात वाद नाही. पण ज्या गोष्टी माणसांच्या डोक्यात मुळात राहतच नाहीत, त्या लबाडालाही विकता येत नाहीत.

विहीर खणताना नारळ, मोटर सुरू करताना नाही

माझ्या मते विदर्भाच्या माणसाला या सगळ्या अभ्यासातला सर्वांत जवळचा भाग हा आहे.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला. तिथले कोळी दोन ठिकाणी मासेमारी करत. आतल्या शांत खाजणात मासा हमखास मिळे, जिवाला धोका नसे. तिथे मंत्रतंत्र काहीच नाही. बाहेर भर समुद्रात मात्र मासा मिळेल का आणि होडी परत येईल का, दोन्हींचा भरवसा नाही. तिथे निघण्याआधी विधीच विधी. तीच माणसं, तोच धंदा. जिथे हातातली विद्या पुरत नव्हती तिथेच मंत्र सुरू होत होता.

आता आपल्या शिवारात या. विहिरीवरची मोटर सुरू करताना कुणी नारळ फोडत नाही. बटण दाबलं की पाणी येतं, लाइन असली तर. पण बोअर मारायची झाली की पाणाड्या येतो. तळहातावर आडवा नारळ धरून बांधाबांधानं चालतो, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची खूण. कारण तिथे लाखभर रुपये जमिनीत घालायचे असतात आणि खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. कपाशीची पेरणीही तशीच. मृगाच्या दोन सरी आल्या, बियाण्याच्या पिशव्या फोडल्या, सरकी टोबली आणि मग पावसानं पंधरा दिवस तोंड लपवलं की दुबार पेरणी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या सगळ्या कष्टांवर, अख्ख्या वर्षावर, ज्या एका गोष्टीचा कब्जा आहे, ती त्याच्या हातात नाही.

अशा वेळी गावात धोंडी निघते. पोरं कडुलिंबाचा पाला अंगाला बांधून, काठीला बेडूक टांगून दारोदार जातात, बायका वरून पाणी ओततात, "धोंडी धोंडी पाणी दे." कुठे बेडकांचं लग्नच लावून देतात. आणि चार-आठ दिवसांत बहुतेक वेळा पाऊस येतोही! यात थट्टेचं काही नाही. अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनमधल्या मुर्सिया शहरातल्या चर्चच्या जुन्या नोंदी तपासल्या. तिथे पाऊस ओढ देऊ लागला की पावसासाठी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेनंतर पाऊस येण्याची शक्यता खरोखरच जास्त दिसली. कारण साधं होतं. तिथल्या हवामानात कोरडे दिवस जितके लांबत जातात, तितका पाऊस येण्याचा संभव वाढत जातो, आणि लोक प्रार्थना करायचेही तेव्हाच. आपली धोंडी जानेवारीत कधी निघते का? ती निघते आषाढात, जेव्हा ढग आज ना उद्या येणारच असतात.

भाकिताचंही तेच. "जूनमध्ये कमी-जास्त, जुलैत बरा, काही भागात अतिवृष्टी" असं कुणीही सांगितलं, तर विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांत कुठे ना कुठे ते खरं ठरणारच. खरं ठरलं ते गावभर होतं, चुकलं ते दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात नसतं. हवामान खातं १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज देतं आणि चुकतंही, पण त्याचं चुकणं आकड्यात नोंदवलेलं असतं. भेंडवळचं भाकीत तपासायचं असेल तर एवढंच करायचं: पहाटेचं वाक्य तालुक्यानिशी, महिन्यानिशी वहीत लिहून ठेवायचं आणि ऑक्टोबरमध्ये पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी ताडून पाहायचं. माणसंच काय, कबुतरंसुद्धा या चकव्यात सापडतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली पिंजऱ्यातल्या कबुतरांना ठराविक वेळानं दाणे दिले, ती काहीही करोत. थोड्या वेळानं एक कबूतर गोल फिरायला लागलं, दुसरं मान झटकायला लागलं. दाणा आला तेव्हा ती जे करत होती, त्याच्याशी त्यांनी दाण्याचा संबंध जोडला होता.

मग विधीचा पावसावर परिणाम होत नाही, तर तो करणाऱ्यावर होतो का? याचं सर्वांत सुंदर उत्तर मराठी बायकांनीच दिलं आहे, फक्त त्या इथल्या नाहीत. मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात इथून गेलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे. मार्टिन लांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मराठी हिंदू बायकांवर केलेला अभ्यास २०२० साली छापून आला. बायकांना आधी नैसर्गिक आपत्ती आली तर काय तयारी कराल ते लिहायला लावलं आणि ते तपासलं जाईल असं सांगितलं, म्हणजे मनाला घोर लागावा. मग अर्ध्या बायका देवळात जाऊन नेहमीसारखी पूजा करून आल्या, अर्ध्या तशाच दुसऱ्या जागी नुसत्या शांत बसल्या. हृदयाच्या ठोक्यांवरून मोजलं, तेव्हा पूजा करून आलेल्या बायकांचा ताण जास्त उतरलेला होता. तीच आरती, तोच क्रम, तीच घंटा. जगात काहीच आपल्या ताब्यात नसताना ताटातली हळद-कुंकवाची मांडणी तरी आपल्या ताब्यात असते आणि धास्तावलेल्या मेंदूला तेवढंही पुरतं.

पाऊस ओढ देतो तेव्हा गावात डबल बियाण्याची उधारी, बँकेचा हप्ता, पोरीचं लग्न, सगळं एकदम माणसाच्या अंगावर येतं. बेडकाच्या लग्नाला हसणाऱ्यानं आधी तो पंधरवडा कोरडवाहू शिवारात काढून पाहावा.

सप्ताहाची वर्गणी आणि माळकऱ्याची पत

आतापर्यंतचं सगळं एकट्या माणसाच्या डोक्यातलं झालं. पण धर्म गावात राहतो. हरिनाम सप्ताह बसला की घरटी वर्गणी, सात दिवस पहाटे काकडा, आणि काल्याच्या दिवशी महाप्रसाद. चुलवणावर मोठाल्या गंजात आलू-वांग्याची भाजी रटरटत असते, पोळ्या लाटायला आळीतल्या वीस बायका, वाढायला ज्यांचं एरवी धुऱ्यावरून भांडण चालू आहे ते दोघे भाऊ.

एवढा पैसा, एवढा वेळ, पदरात काय? रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या दोनशे सामुदायिक वसाहतींच्या नोंदी तपासल्या. काही धार्मिक, काही निव्वळ विचारांवर उभ्या. धार्मिक वसाहती जास्त टिकल्या. पुढच्या अभ्यासात आणखी मजेदार गोष्ट दिसली: धार्मिक वसाहतीचे नियम जितके कडक, हे खायचं नाही, ते प्यायचं नाही, तितकी ती जास्त वर्षं चालली. बिगरधार्मिक वसाहतींत मात्र कडक नियमांनी तसा फायदा झाला नाही.

याचं एक उत्तर असं. एकत्र राहायचं तर फुकट्यांची भीती असते: खायला पुढे, कामाला मागे. महागडी अट घातली की फुकट्या आपोआप गळतो. आपल्याकडचा माळकरी पाहा. तुळशीची माळ बाजारात चार पैशांत मिळते, पण ती घातल्यावर मटण सुटतं, दारू सुटते, आणि सोडलेलं अख्खं गाव पाहत असतं. कृषी केंद्रवाला खताची उधारी देताना गळ्यातल्या माळेकडे एकदा नजर टाकतोच. (माळ घालून बुडवणारेही आहेत. खोटी सही करणारे असतात म्हणून सहीची किंमत जात नाही.)

मॉरिशसमध्येच दिमित्रिस झिगालाटास यांनी तमिळ हिंदूंच्या कावडी विधीचा अभ्यास केला. अंगात सुया, सळया खुपसून भक्त उन्हात मैलोन्‌मैल चालतात. नंतर त्यांना थोडे पैसे देऊन, त्यातले मंदिराला हवे तेवढे गुपचूप द्या, असं सांगितलं. नुसती सामुदायिक प्रार्थना करणाऱ्यांपेक्षा कावडीवाल्यांनी जास्त दिले, आणि सोबत चालणाऱ्या, सुई न टोचलेल्या माणसांनीही जास्त दिले.

आणि लोक विश्वास कुणावर ठेवतात? जोसेफ हेन्रिक यांनी २००९ साली मांडलं की बोलणाऱ्याच्या शब्दांपेक्षा, त्याला काय किंमत मोजावी लागते हे माणसं पाहतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. गावात शिरले की आधी खराटा, दिवसभर गटारं आणि रस्ते झाडून झाले की रात्री कीर्तन. धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी झोपडी नाही. पोरीच्या बारशाला बिरादरीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता गोडाचं जेवण घातलं, तेही नातेवाइकांचा रोष पत्करून. नवसाला बकरं कापू नका, हे त्या माणसाच्या तोंडून लोकांनी ऐकून घेतलं. तेच वाक्य तालुक्याहून जीपमधून आलेल्या साहेबानं म्हटलं असतं तर?

मातामायला खोटेपणाची चीड असते का?

जगभरच्या छोट्या समाजांत दिसतं की बऱ्याच देवांना माणसाच्या नीतीशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्या शिवेवरची मातामाय पाहा. शेंदूर लावलेला दगड, कडुलिंब, वर्षातून एकदा नैवेद्य. तुम्ही मापात पाप करता की नाही याची ती चौकशी करत नाही. तिचा मान राहिला की झालं. उलट कर्माचा हिशेब ठेवणारा, अंधारात केलेलंही पाहणारा देव किंवा नियम हा मोठ्या धर्मांत सापडतो. आरा नोरेनझायान यांची मांडणी अशी की अनोळखी माणसांशी व्यवहार करायला लागणारा विश्वास अशा पाहणाऱ्या देवानं पुरवला आणि म्हणून मोठाले समाज उभे राहू शकले. २०१६ साली आठ समाजांतल्या ५९१ माणसांना नाण्यांचा एक खेळ खेळायला देऊन तपासलं, तेव्हा आपला देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं मानणारे लोक दूरच्या अनोळखी सहधर्मीयाशी जास्त सचोटीनं वागले.

मग २०१९ साली ४१४ समाजांच्या इतिहासाचा आढावा घेऊन दुसऱ्या गटानं नेमकं उलट सांगितलं: आधी मोठे समाज, नंतर नीतीचा देव. मोठ्या नियतकालिकात छापून आलं, बातम्या झाल्या. इतरांनी आकडे उघडून पाहिले तर ज्या काळाची नोंदच नव्हती तिथे "असा देव नव्हता" असं धरलेलं निघालं. २०२१ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. प्रश्न अजून खुला आहे. मला या शाखेबद्दल भरवसा वाटतो तो या मागे घेतलेल्या लेखामुळे.

मग धर्म उपयोगासाठीच जन्मला का?

यावर अभ्यासकांतच दोन तट आहेत. एक म्हणतो, धर्मानं गट टिकले म्हणून धर्म टिकला. दुसरा म्हणतो, छे, तो दुसऱ्याच कामांसाठी घडलेल्या मेंदूचा जोडधंदा आहे. मला पऱ्हाटी आठवते. कपाशी आपण रुईसाठी लावतो. पण वेचण्या संपल्या की उभ्या पऱ्हाट्या चुलीत जळतात, कुंपणाला लागतात. सरपण मिळावं म्हणून कुणी कपाशी पेरली नव्हती, तरी कित्येक घरांची चूल त्यावरच चालली. संशयी कान आणि मनं वाचणारं डोकं आधीच होतं, त्यातून उगवलेल्या कल्पना पुढे गाव बांधायला कामाला आल्या, असं दोन्ही तटांच्या मधलं उत्तर आज बऱ्याच जणांना पटतं.

आणि एकदा रुजलेली गोष्ट कारण संपल्यावरही राहते. ज्या देवीच्या रोगासाठी मातामायला विनवायचे, तो भारतातून १९७५ साली संपला, लशीनं. मातामायचा नैवेद्य सुरूच आहे. ती आता गोवर-कांजिण्यांकडे बघते.

"म्हणजे देव नाही, असंच म्हणायचंय ना?"

नाही. एखादी समजूत डोक्यात कशी आली हे कळल्यानं ती खरी की खोटी हे ठरत नाही. दोन आणि दोन चार हे ज्या मेंदूला कळतं तोही उत्क्रांतीनंच घडवला, म्हणून गणित खोटं होत नाही. वर ज्या बॅरेट यांचं नाव घेतलं ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. त्यांचे कित्येक सहकारी नास्तिक आहेत. आकडे दोघांचे तेच.

पण श्रद्धाळू माणसाला यातून अगदीच मोकळं सोडता येत नाही. "मला आतून जाणवलं" हा पुरावा मात्र या अभ्यासानं कच्चा पडतो. कारण तसंच आतून जाणवून जगभर एकमेकांशी न पटणाऱ्या हजारो गोष्टी मानल्या गेल्या आहेत.

"आमच्याच धर्मावर का?"

हा प्रश्न प्रत्येक धर्माचे लोक विचारतात. वर स्पेनचं चर्च आलं, अमेरिकेतल्या ख्रिस्ती वसाहती आल्या, ट्रोब्रिअँडचे कोळी आले. पुढे जाऊ.

"समजून घ्यायचं म्हणजे चालू द्यायचं का?"

हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची जुनी रीत आहे. तशा बातम्या आजही येतात. हे क्रूर आहे आणि यात कुणाचाही काही फायदा नाही. टिकलेली प्रत्येक रीत उपयोगीच असते, असं ही शाखा म्हणत नाही.

मग ती टिकली कशी? तान्ह्यांची बरीचशी पोटदुखी आपोआप उतरते. चटका दिला, दोन दिवसांत बाळ खेळायला लागलं, श्रेय चटक्याला. जी मुलं दगावली ती सांगायला येत नाहीत. जी वाचली त्यांच्या पोटावरचे डाग मोठेपणीही दिसतात आणि तो पुरावा गावभर हिंडत असतो. स्किनरच्या कबुतराचा दाणा तो हाच.

महाराष्ट्रात २०१३ सालापासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे आणि तो लागलाच पाहिजे. पण निव्वळ पोलिसांच्या धाकानं रीत बंद होत नाही, ती लपते आणि चटका दिलेलं बाळ दवाखान्यात आणायलाही आई घाबरते. म्हणून आरोग्य विभागानं दुसरी एक वाट धरली: चटका देणाऱ्या भूमकालाच, म्हणजे गावच्या वैदूलाच, सोबत घ्यायचं, आजार ओळखायला शिकवायचं आणि त्यानं पेशंट दवाखान्यात धाडला तर त्याचं मानधन द्यायचं. काही शहरी मित्रांना ही लाच वाटते. मला तसं वाटत नाही. भूमका कोरकू आदिवासींच्या गावातलाच, त्यांच्याच भाषेत बोलणारा. त्याच्या सुखदुःखात गावानं त्याला पाहिलेलं. डॉक्टरची बदली होते, भूमकाची होत नाही. बाळाचं पोट मध्यरात्री दुखायला लागतं. तेव्हा आरोग्य केंद्र घाटापलीकडे असतं, गाडी नसते, मोबाइलला रेंज नसते, आणि भूमका चार घरं सोडून राहतो. आजी त्याच्याच दारात जाणार आहे. तिथे गेल्यावर त्यानं लोखंड तापवायचं की कुणाची मोटरसायकल उठवायची, एवढाच बदल आपल्या हातात आहे.